प्रकाशनांचा लेखाजोखा मांडताना

कर्करोगावरील उपचारांच्या क्लिनिकल ट्रायल, म्हणजे रुग्णांवरील चाचण्या, करणाऱ्या डॉक्टरला आपल्या संशोधनाचा हिशेब अधूनमधून द्यावाच लागतो. कधी पदोन्नतीच्या निमित्ताने, कधी अनुदानाच्या अर्जासाठी, तर कधी एखाद्या नव्या चाचणीचे प्रमुखपद स्वीकारण्यापूर्वी. या वेळी माझ्याकडे मागितलेला हिशेब नेहमीच्या पठडीतला नव्हता. मूल्यमापन समितीला संपूर्ण प्रकाशनसूची तर हवी होतीच, पण त्याशिवाय मी स्वतः निवडलेल्या पाच शोधनिबंधांबद्दल प्रत्येकी एक पान लिहायचे होते: त्या कामात माझा वाटा नेमका कोणता, कोणाच्या सहकार्याशिवाय ते काम उभे राहिले नसते, आणि त्यामुळे रुग्णांच्या उपचारांत काही बदलले का. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे त्यातील लेखांचा इतरत्र सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो याचा आकडा, कुठेही लिहू नये, अशी स्पष्ट सूचना होती. संशोधनाचे मोल ते ज्या नियतकालिकात छापले गेले त्याच्या आकड्यावरून ठरवू नये, अशी भूमिका डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे झालेल्या बैठकीतून तयार झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जाहीरनाम्यात मांडली गेली होती. तिचा अंमल माझ्या टेबलापर्यंत पोहोचायला बराच काळ गेला, पण पोहोचला याचे मला समाधान वाटले.

सुरुवात सूचीपासून केली आणि पहिली अडचण नावापाशीच आली. सुरुवातीच्या काही निबंधांवर माझे लग्नापूर्वीचे आडनाव आहे, नंतरच्या काहींवर दोन्ही आडनावे जोडून आली आहेत, आणि एका नियतकालिकाने नाव व आडनाव यांची अदलाबदल करून टाकली आहे. संशोधकाची ओळख नावावरून नव्हे तर सोळा अंकी क्रमांकावरून पटावी, यासाठी ऑर्किडची सेवा २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली. तिच्यामुळे अलीकडचे निबंध आपोआप जोडले जातात, मात्र त्याआधीचे स्वतः शोधून जोडावे लागतात. ते करताना माझ्याच नावाच्या, पण रोगप्रतिकारशास्त्रात काम करणाऱ्या एका संशोधिकेचे निबंध माझ्या खात्यावर जमा झालेले दिसले. ते काढून टाकण्याची विनंती मी केली. त्यामुळे माझ्या खात्यावरचा आकडा घटला, आणि उद्धरणांचा, म्हणजे इतरांनी आपल्या लेखांत दिलेल्या संदर्भांचा, आकडा तर बराच घटला, कारण त्या बाईंचे काम माझ्यापेक्षा अधिक वाचले जाते.

मग प्रकार वेगळे करायचे होते. परिषदेत वाचलेल्या निबंधाचा सारांश हा पूर्ण शोधनिबंध नसतो, त्यामुळे त्याची यादी स्वतंत्र असावी, हे योग्यच आहे. कर्करोगाच्या मोठ्या परिषदांमध्ये मांडले जाणारे आकडे अनेकदा अंतरिम असतात आणि रुग्णांचा पाठपुरावा वाढला की ते बदलतात; सारांशात ठळक दिसलेला फरक अंतिम निबंधात फिकट झाल्याची उदाहरणे या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असतात. प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षण होण्यापूर्वीच सर्वांसाठी खुला केलेला मसुदा, हा आणखी एक प्रकार. वैद्यकशास्त्रासाठीचे मेडआर्काइव्ह हे संकेतस्थळ २०१९ मध्ये सुरू झाले, तेव्हा माझ्या सूचीत असे प्रीप्रिंट अगदी मोजके आहेत, आणि जे पुढे परीक्षण होऊन छापले गेले त्यांची दोनदा नोंद होऊ नये याची काळजी घ्यावी लागली. एकेका रुग्णाच्या आजाराची हकिगत सांगणारे छोटे लेख मी एकत्र ठेवले. कोणी ते कमी प्रतीचे मानतात. मी मानत नाही, पण निवडीत त्यांना जागा नव्हती.

सर्वांत चमत्कारिक होती ती चौथी यादी, म्हणजे ज्यात मी लेखक नाही, तरीही माझे नाव आहे, अशा निबंधांची. मोठ्या बहुकेंद्री चाचण्यांमध्ये लेखक म्हणून मोजकी नावे असतात आणि रुग्णभरती करणाऱ्या प्रत्येक केंद्रातील संशोधकांची नावे शेवटी किंवा पुरवणीत दिली जातात. पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीतही त्यांची नोंद सहकारी म्हणून लेखकांपासून वेगळी होते. अशा एखाद्या निबंधासाठी मी कित्येक वर्षे रुग्णांना संमतिपत्र समजावून सांगितले असेल, औषधाच्या मात्रा ठरवल्या असतील, दुष्परिणामांच्या नोंदी रात्री उशिरा पूर्ण केल्या असतील, पण सूचीच्या भाषेत ते माझे प्रकाशन नव्हे. उलट, एका निबंधात मी लेखक आहे आणि तिथे माझे काम मसुद्याचे दोनदा बारकाईने वाचन करून काही परिच्छेद बदलायला लावणे एवढेच होते. दोन्ही नोंदी नियमाला धरून आहेत.

नियम कोणता, हेही सांगायला हवे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती १९७८ मध्ये व्हँकूव्हर येथे जमलेल्या लहानशा गटातून उभी राहिली, तिने लेखकत्वाच्या अटी घालून दिल्या आहेत. संशोधनाच्या कल्पनेत, आराखड्यात, माहितीच्या संकलनात, विश्लेषणात किंवा अर्थनिर्णयनात भरीव वाटा. मसुदा लिहिणे किंवा त्याची चिकित्सक सुधारणा करणे. अंतिम मजकुराला मान्यता. आणि कामाच्या सचोटीबद्दल उत्तर देण्याची तयारी. ही शेवटची अट २०१३ मध्ये जोडली गेली. चारही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. केवळ निधी मिळवून देणारा, किंवा केवळ विभागप्रमुख असलेला, या अटींनुसार लेखक ठरत नाही. प्रत्यक्षात तो किती वेळा ठरतो याबद्दल मी इथे लिहिणार नाही. निबंधात कोणी काय केले हे सांगण्यासाठी २०१४ पासून चौदा भूमिकांची एक ठरावीक वर्गवारी वापरात आली आहे. तिच्यात माहितीची निगा राखणे, सॉफ्टवेअर, पडताळणी यांसारख्या भूमिका आहेत. समितीसाठी पाच पाने लिहिताना ही वर्गवारी मला उपयोगी पडेल असे वाटले होते, पण तिच्यातून भूमिकेचे नाव कळते, भूमिकेचे वजन कळत नाही.

पहिली निवड करताना विचार करावा लागला नाही. ती आमची बहुकेंद्री यादृच्छिक चाचणी होती, म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरत होते, आणि तिचा निबंध लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या एका पानासाठी मी जुनी पत्रे, बैठकांची इतिवृत्ते आणि प्रोटोकॉलच्या, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्याच्या, सगळ्या आवृत्त्या पुन्हा वाचल्या, आणि वाचता वाचता एक गोष्ट अधिकाधिक पटत गेली: निबंधातील बहुतेक महत्त्वाचे निर्णय निकाल कळण्यापूर्वीच झाले होते. प्राथमिक निष्कर्षबिंदू कोणता, म्हणजे रोग पुन्हा न उद्भवता गेलेला काळ मोजायचा की एकूण आयुर्मान, यावर केंद्रांमध्ये बराच वाद झाला होता. विश्लेषणाचा आराखडा संख्याशास्त्रज्ञाने माहिती हाती येण्यापूर्वी लिहून काढला होता. पहिला रुग्ण दाखल होण्याआधी चाचणीची सार्वजनिक नोंदणी झाली होती. संपादकांच्या त्याच समितीने २००४ मध्ये जाहीर करून २००५ पासून ही नोंदणी प्रकाशनाची पूर्वअट केली, आणि माझ्या मते गेल्या काही दशकांत या क्षेत्रात झालेल्या सुधारणांपैकी ही सर्वांत मोठी आहे. नोंदणीत लिहिलेला निष्कर्षबिंदू नंतर गुपचूप बदलता येत नाही. निदान बदलला तर तो कोणालाही पकडता येतो.

लेखकांच्या क्रमाचा करारही त्याच काळात झाला होता. सर्वाधिक रुग्ण दाखल करणाऱ्या केंद्राला पुढचे स्थान, अशी पद्धत रूढ आहे आणि तिच्यामागे तर्क आहे, कारण रुग्ण मिळाले नाहीत तर चाचणी बंद पडते. आमच्यातील एका मध्यम आकाराच्या केंद्राच्या प्रमुखांनी त्यावर आक्षेप घेतला. भरती करणे सोपे असते, पण दाखल झालेला रुग्ण पाच वर्षांनी जिवंत आहे का, रोग परतला का, हे कळवत राहणे कठीण असते. मग क्रम ठरवताना पाठपुरावा किती पूर्ण झाला हेही का धरू नये, असा त्यांचा प्रश्न होता. बरीच चर्चा होऊन भरती आणि पाठपुरावा या दोन्हींवर आधारलेले सूत्र मान्य झाले. समितीसाठीच्या पानात मी या सूत्राचा उल्लेख केला, कारण आमच्या निबंधात पाठपुराव्यातून हरवलेल्या रुग्णांचे प्रमाण कमी राहिले त्यामागे हे सूत्रही होते, असे मला वाटते. सिद्ध करता येणार नाही.

माहिती गोळा होण्याच्या टप्प्यात माझा वाटा लिहिणे मला सर्वांत अवघड गेले, कारण तो टप्पा मुख्यतः इतरांचा होता. गाठीचे माप एकाच रीतीने घेतले जावे म्हणून २००० मध्ये आलेले आणि २००९ मध्ये सुधारलेले रेसिस्टचे निकष आम्ही वापरले. दुष्परिणामांची तीव्रता अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या श्रेणींनुसार नोंदवली. निकष छापील असले तरी माणसे ते निरनिराळे लावतात. एका केंद्रात तिसऱ्या श्रेणीचे म्हणून नोंदलेले अतिसाराचे लक्षण दुसऱ्या केंद्रात दुसऱ्या श्रेणीत जाई. हे कोणत्या डॉक्टरच्या नव्हे, तर माहिती-व्यवस्थापक बाईंच्या लक्षात आले. त्यांनी केंद्रनिहाय तक्ता करून दाखवला, आणि त्यानंतर प्रत्येक केंद्राच्या समन्वयकांसाठी प्रशिक्षण घ्यावे लागले. त्या बाईंचे नाव निबंधाच्या आभारप्रदर्शनात आहे. आज तो निबंध लिहिला जात असता तर त्यांचे नाव लेखकांमध्ये असावे असे मी सुचवले असते, आणि अटींच्या चौकटीत ते बसवताही आले असते, कारण मसुद्यातील दुष्परिणामांचा भाग त्यांनी ओळीओळीने तपासला होता. पानात हे मी स्पष्ट लिहिले.

बहुकेंद्री चाचणीत आपण न पाहिलेल्या रुग्णांबद्दल, न पाहिलेल्या नोंदींवर सही करतो. हा विश्वास किती महाग पडू शकतो हे स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनाने पाहिले आहे. संपूर्ण स्तन काढण्याऐवजी केवळ गाठ काढून किरणोपचार दिले तरी आयुर्मानात फरक पडत नाही, हे दाखवणारी अमेरिकेतील एनएसएबीपी गटाची बी-०६ ही चाचणी बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली झाली आणि तिचे पाच वर्षांचे निष्कर्ष १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात सहभागी असलेल्या मॉन्ट्रियलच्या एका रुग्णालयातील शल्यविशारदाने काही रुग्णांच्या पात्रतेच्या नोंदींत फेरफार केल्याचे १९९४ मध्ये जगजाहीर झाले, आणि लाखो स्त्रियांच्या उपचारांचा आधार असलेल्या निष्कर्षाभोवती संशय उभा राहिला. त्या केंद्राचे सर्व रुग्ण वगळून केलेले फेरविश्लेषण १९९५ मध्ये छापले गेले. निष्कर्ष तोच राहिला, आणि वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००२ मध्येही तोच राहिला. अनेक केंद्रे असण्याचा हा मोठा फायदा: एक काढून टाकले तरी उरलेल्यांवर इमारत उभी राहते. आमच्या चाचणीत केंद्रांना भेटी देऊन मूळ कागदपत्रांशी नोंदी ताडून पाहण्याची व्यवस्था होती, तिचा खर्च अनेकांना जास्त वाटत असे, आणि माझ्या वाट्यातील एक काम तो खर्च टिकवून धरण्याचे होते.

निबंध लिहिण्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. दाखल झालेल्या, वगळलेल्या आणि विश्लेषणात धरलेल्या रुग्णांचा प्रवाह दाखवणारी आकृती चाचण्यांचे निबंध कसे लिहावेत हे सांगणाऱ्या कन्सॉर्टच्या नियमांप्रमाणे काढली की अर्धा निबंध उभा राहतो. परीक्षण मात्र लांबले. एका परीक्षकाने तरुण रुग्णांचा उपगट वेगळा करून पाहण्याचा आग्रह धरला होता. आराखड्यात हे विश्लेषण नव्हते. आमच्यापैकी काहींचे म्हणणे असे की मागितले आहे तर द्यावे, निबंध लवकर स्वीकारला जाईल. संख्याशास्त्रज्ञांचे म्हणणे असे की पुरेशा लहान उपगटात काही ना काही सापडतेच. अखेर ते विश्लेषण पुरवणीत दिले, ते पूर्वनियोजित नव्हते असे त्याच्या शीर्षकातच लिहिले, आणि त्यावरून निष्कर्ष काढू नये असे वाक्य मुख्य मजकुरात घातले. पुढे याच निबंधाचा हवाला देताना दोन लेखांनी नेमका तो उपगट उचलला. वाक्य त्यांनी वाचले नसावे.

दुसरी निवड करताना सहकाऱ्यांनी मला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. त्या चाचणीत नव्या उपचाराचा कोणताही फायदा दिसला नव्हता, निबंध मध्यम प्रतीच्या मानल्या जाणाऱ्या नियतकालिकात छापला गेला होता आणि त्याची उद्धरणे थोडी आहेत. तरीही मला तो निवडायचा होता. मानवी सहभागावरील संशोधनाची तत्त्वे सांगणारी हेलसिंकी घोषणा, जी १९६४ मध्ये प्रथम स्वीकारली गेली आणि नंतर अनेकदा सुधारली गेली, ती नकारात्मक आणि अनिर्णित निष्कर्षही प्रसिद्ध झाले पाहिजेत असे सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये चाचणीच्या मुख्य निष्कर्षांसाठी काळाची मर्यादाही सुचवली, नोंदणीस्थळावर बारा महिन्यांत आणि नियतकालिकात चोवीस महिन्यांत. तत्त्व सगळ्यांना मान्य असते. अडचण येते ती मसुदा तयार करताना. एक दुय्यम निष्कर्षबिंदू, वेदनेचा गुणांक, नव्या उपचाराच्या गटात किंचित चांगला होता, आणि सारांशाची पहिली ओळ त्यावर लिहावी असा आग्रह एका सहकारी केंद्राने धरला. औषध पुरवणाऱ्या कंपनीला करारानुसार मसुदा छापण्यापूर्वी पाहण्याचा हक्क होता, मजकूर बदलण्याचा किंवा प्रकाशन रोखण्याचा नव्हता. असा करार करून घेण्यासाठी आमच्या संस्थेच्या विधी विभागाने चाचणीपूर्वी बराच वेळ घेतला होता, तेव्हा आम्ही त्यांच्या नावाने कुरकुर केली होती, आणि आता तोच कागद उपयोगी पडला. सारांशाची पहिली ओळ प्राथमिक निष्कर्षबिंदूवरच राहिली. संपादकांकडून काही नकार आले, कारणे सभ्य भाषेत होती. त्या उपचाराचा वापर नंतर आमच्या केंद्रांत थांबला, आणि ज्या रुग्णांना तो दिला गेला नाही त्यांची गणना कोणत्याही उद्धरणसूचीत होणार नाही, एवढेच मी त्या पानाच्या अखेरीस लिहिले.

तिसऱ्या पानाबद्दल मीच साशंक होते. तो निबंध अनेक चाचण्यांतील प्रत्येक रुग्णाची वैयक्तिक माहिती एकत्र करून केलेल्या महाविश्लेषणाचा होता, लेखक म्हणून गटाचे नाव होते आणि आम्ही आमच्या चाचणीची माहिती पुरवली होती. अशा कामाचा नमुना स्तनाच्या कर्करोगाने घालून दिला. ऑक्सफर्ड येथून चालणारा जो आंतरराष्ट्रीय गट १९८० च्या दशकाच्या मध्यास रिचर्ड पेटो यांच्या पुढाकाराने उभा राहिला, त्याने निरनिराळ्या देशांतील चाचणीकर्त्यांकडून मूळ नोंदी मागवल्या. १९९८ मध्ये या गटाने टॅमॉक्सिफेनच्या ५५ चाचण्यांतील सुमारे ३७,००० स्त्रियांची माहिती एकत्र मांडली आणि हे औषध पाच वर्षे घेतल्याने इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या गाठींच्या बाबतीत रोग परतण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण घटते हे निःसंशय दाखवले. एकट्या चाचणीला असे बोलणे जमत नाही. उपचारांचे फायदे बहुतेक वेळा मध्यम आकाराचे असतात आणि मध्यम फरक व योगायोग यांत भेद करायला फार मोठी संख्या लागते.

अशा गटाला माहिती देणे म्हणजे फाइल पाठवून मोकळे होणे नव्हे. रुग्णांची ओळख काढून टाकायची, पण तारखांमधील अंतरे शाबूत ठेवायची. प्रकाशित निबंधात अपात्र म्हणून वगळलेल्या रुग्णांनाही परत आत घ्यायचे, कारण महाविश्लेषणात जो रुग्ण ज्या गटात यादृच्छिकपणे पडला तो तिथेच धरला जातो. प्रकाशनानंतर झालेला पाठपुरावाही जोडायचा. मग तिकडून प्रश्न येऊ लागतात. एका आठवड्याच्या वारांनुसार रुग्णांचे वाटप तपासले असता रविवारी तिघे दाखल झालेले दिसतात, ते कसे? आमच्याकडे त्याचे सरळ उत्तर होते, पण हा प्रश्न विचारला जाणे मला फार आवडले. नियतकालिकाच्या परीक्षकांनी आमच्या नोंदी इतक्या जवळून कधीच पाहिल्या नव्हत्या. या पानात माझा वाटा म्हणून मी चार ओळी लिहिल्या आणि उरलेल्या पानावर आमच्या केंद्रातील ज्या दोन तरुण सहकाऱ्यांनी हे काम निभावले त्यांच्याबद्दल लिहिले. हे समितीला चालेल का, असे विचारून घेतले. चालेल, असे उत्तर आले.

चौथा निबंध प्रयोगशाळेबरोबरचा होता: गाठीतील काही जनुकांच्या पातळीवरून उपचाराला प्रतिसाद मिळेल का, हे आधी सांगता येते का, असा प्रश्न होता आणि उत्तर बऱ्याच मर्यादांसह होकारार्थी होते. या प्रकारच्या कामात आम्ही घेतलेल्या अतिदक्षतेचे कारण ड्यूक विद्यापीठातील प्रकरण होते. तिथे जनुकीय चिन्हांवरून केमोथेरपी निवडण्याचे दावे मोठ्या नियतकालिकांत छापले गेले, त्यांच्या आधारावर रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या, आणि कीथ बॅगर्ली व केव्हिन कूम्ब्स या दोन जैवसंख्याशास्त्रज्ञांनी उपलब्ध माहितीवरून ते विश्लेषण पुन्हा करून पाहिले तेव्हा जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली आणि प्रतिसाद देणाऱ्या व न देणाऱ्या नमुन्यांची नावे उलटसुलट झालेली आढळली. त्यांचा लेख २००९ मध्ये आला. चाचण्या पुढे बंद झाल्या आणि अनेक निबंध मागे घेतले गेले. आमच्या निबंधात विश्लेषणाचा कोड आमच्याशी संबंध नसलेल्या दुसऱ्या संख्याशास्त्रज्ञाने कच्च्या माहितीपासून चालवून पाहिला, मगच मसुदा पाठवला. प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांना हा अविश्वास वाटला होता. एका बैठकीत आवाजही चढले होते. आज ते स्वतः ही पद्धत वापरतात, हे त्यांच्या संमतीने मी लिहिले.

पाचवा निबंध पहिल्याच चाचणीचा दीर्घकालीन पाठपुरावा होता. त्यात नवे काही नाही, तीच वक्ररेषा आणखी उजवीकडे वाढवलेली आहे, असे एका परीक्षकाने म्हटले होते आणि ते खरेच आहे. कर्करोगाच्या निबंधात किती रुग्ण अजून जिवंत आहेत हे दाखवणारी, पायऱ्यांसारखी उतरत जाणारी जी आयुर्मानाची रेषा असते ती १९५८ च्या कॅप्लन आणि मायर यांच्या निबंधातून आली. पॉल मायर यांना संख्याशास्त्रज्ञ ग्रीनवुड यांच्या कर्करोगाच्या कालावधीवरील जुन्या लेखामुळे हा प्रश्न पडला होता, तर एडवर्ड कॅप्लन बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत समुद्राखालील तारांमधील निर्वात नळ्या किती काळ टिकतात याचा विचार करत होते. दोघांनी आपापले हस्तलिखित एकाच नियतकालिकाकडे दिले, नियतकालिकाने एकत्र लिहा असे सुचवले, आणि दोघांच्या मांडणीतील भेद मिटवायला चार वर्षांचा पत्रव्यवहार लागला. तोवर दुसरेच कोणी ही कल्पना छापेल की काय, अशी धास्ती त्यांना होती. सहकार्य म्हणजे आनंदाची गोष्ट असे जे बोलले जाते, त्याला हा चांगला उतारा आहे.

आमच्या पाठपुराव्याच्या निबंधातील अडचण निराळी होती. मूळ प्रमुखांपैकी काही निवृत्त झाले होते, एका केंद्राची संगणकप्रणाली बदलली होती, आणि जुन्या समन्वयकांच्या जागी आलेल्या नव्या व्यक्तींना त्या चाचणीचे नावही ठाऊक नव्हते. वक्ररेषेखाली प्रत्येक वर्षी किती रुग्ण अजून निरीक्षणात आहेत याचे आकडे छापतात. वाचक ते सहसा पाहत नाहीत, पण केंद्रा-केंद्रांतील नाते टिकले की तुटले हे त्या आकड्यांतच दिसते. उशिरा उद्भवणारे दुष्परिणाम, विशेषतः हृदयावरचे, केवळ याच निबंधात दिसले. म्हणून तो निवडला.

पाने तयार झाल्यावर ती संबंधित सहलेखकांना वाचायला पाठवली. समितीची तशी अट नव्हती, पण दुसऱ्याच्या कामाबद्दल त्याला न विचारता लिहिणे मला प्रशस्त वाटले नाही. बहुतेकांनी एखाद-दुसरा शब्द बदलला. प्राथमिक निष्कर्षबिंदूची कल्पना कोणाची होती याबद्दल मात्र दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांनी परस्परविरोधी आठवणी कळवल्या, दोन्ही सविस्तर आणि दोन्ही प्रामाणिक. इतिवृत्तांत केवळ "चर्चेनंतर ठरले" असे लिहिलेले होते. मीही तेवढेच लिहिले.

हितसंबंधांचा तक्ता भरणे कंटाळवाणे होते, कारण गेल्या छत्तीस महिन्यांतील प्रत्येक मानधन, प्रवासखर्च आणि सल्लागारपद संपादकांच्या समितीच्या नमुन्यात द्यायचे असते. उद्धरणांचा रकाना ऐच्छिक होता. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला, उद्धरणांच्या मोजणीवर आधारलेला एच-निर्देशांक मी दिला नाही. त्याऐवजी कोणत्या उपचार-मार्गदर्शक तत्त्वांत आमच्या निबंधांचा आधार घेतला गेला हे लिहिले, आणि जिथे घेतला गेला नाही तिथे तसेही लिहिले.

सादर केल्यावर समितीकडून एकच प्रश्न परत आला. पहिल्या आणि पाचव्या निबंधामागची माहिती आता कोणाच्या ताब्यात आहे, आणि उद्या दुसऱ्या संशोधकांनी मागितली तर ती देण्याचा अधिकार कोणाला आहे? जुलै २०१८ पासून चाचणीच्या निबंधात माहिती वाटून देण्याबाबत निवेदन द्यावे लागते, पण आमचा पहिला निबंध त्यापूर्वीचा होता आणि मूळ संमतिपत्रात भावी संशोधनाबद्दलचे वाक्य मोघम होते. नैतिकता समितीचे मत घेतले. ओळख काढून टाकलेली माहिती महाविश्लेषणासारख्या कामासाठी देता येईल, व्यावसायिक वापरासाठी नाही, आणि प्रत्येक विनंतीवर केंद्रांच्या प्रतिनिधींचा छोटा गट निर्णय घेईल, असे ठरले. त्याचे एक सहावे पान करून जोडले आणि ते सर्व केंद्रप्रमुखांकडे सहीसाठी पाठवले. निवृत्त झालेल्यांच्या जागी कोणी सही करायची, यावर सध्या पत्रव्यवहार चालू आहे.